पाटणादेवीहून पितळखोऱ्याला पायी जायचंय, मोबाईलमध्ये नेमकं काय टाकून नेऊ?

भुसावळ_लोको

राम राम मंडळी. आम्ही पाच जण डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी चाळीसगावला उतरून पाटणादेवी, कण्हेरगड आणि जमलं तर दरीतून वर पितळखोरा लेण्यांपर्यंत चालत जायचा विचार करून राहिलो. पाचातल्या चौघांनी आजपर्यंत चढलेलं सगळ्यात मोठं काही म्हणजे लळिंग, आणि तिथे हायवेचे ट्रक वरून मोजता येतात, हरवायचं म्हटलं तरी माणूस हरवत नाही.

झालं असं की मागच्या महिन्यात यावलच्या वर सातपुड्यात एका टेकडीवर गेलो होतो, मोबाईलवर नकाशा उघडा ठेवून, आणि अर्ध्या तासात टॉवर गेला तसा नकाशा पण गेला. पांढरी स्क्रीन आणि त्यावर निळा ठिपका. ठिपका हलत होता, पण कशावरून कुठे चालला ते देवाला माहिती. उतरलो ते भलत्याच बाजूला, मग केळीच्या बागांमधून डांबरीपर्यंत आणि डांबरीवरून गाडीकडे सहा-सात किमी पायपीट, शेवटचे दोन एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर. मोबाईल माझ्या हातात होता म्हणून टोमणे अजून चालूच आहेत.

तर नेट नसताना जीपीएस चालतं की नाही? ॲप कोणतं, पैसे भरावे लागतील का, आणि दोन दिवस बॅटरी कशी पुरवायची? फोन तीन वर्षं जुना आहे, दुपारी चारलाच चार्जर मागतो. वडील म्हणतात मोबाईल घरी ठेव आणि गावातला एक माणूस सोबत घे. त्यांचंही ऐकणार आहे, पण तरी.

गिरणाकाठ

भाऊ आधी वडिलांचं ऐका, मग ॲपचं बोलू. पाटणादेवीचं जंगल म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. गेटवर नोंद करा, दरीत चालत जायचंय हे तिथे सरळ सांगा आणि परवानगी मिळाली तरच जा. आत तंबू ठोकून मुक्काम वगैरे डोक्यातून काढा. बिबट्या तर कायमचाच, २०२१ साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ एवढं अंतर चालत गौताळ्यात येऊन राहिला. तेव्हा अंधाराच्या आत बाहेर. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य जातो आणि दरीत त्याच्याही तासभर आधी उजेड उतरतो, हे हिशोबात धरा.

आता ॲप. मी ऑसमअँड वापरतो, घरच्यांच्या फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्स आहे. दोघांचा नकाशा एकच, ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी स्वतः काढलेला. घरच्या वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवला की डोंगरात नेट असो नसो, नकाशा जात नाही. तुमचं त्या दिवशी तेवढंच राहिलं होतं, बाकी फोन बरोबर काम करत होता. गूगल मॅप्समध्ये पण भाग डाउनलोड करता येतो, पण ऑफलाइन असताना तो गाडीचा रस्ता सांगतो, पायी वाट सांगत नाही, आणि आपल्याला तर पायीच जायचं असतं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या भागातल्या निम्म्या वाटा कुठल्याच नकाशात नाहीत. गुरांच्या वाटा, लाकूड-मोळीच्या वाटा, देवीला यायच्या जुन्या वाटा. त्यामुळे ॲप तुम्हाला वाट दाखवेल ही अपेक्षाच ठेवू नका. ॲपचं काम एकच, तुम्ही आलात कुठून ते लक्षात ठेवणं. मंदिराजवळ गाडी लावली की तिथेच रेकॉर्डिंग चालू करायचं आणि खिशात टाकायचं. जायची वाट वाटाड्याकडून किंवा अंदाजाने, यायची वाट मात्र आपली आपण आखलेली असते. फाट्यावर गोंधळलात तर त्या रेघेवरून पाठी फिरता येतं. मी सहा-सात वर्षांत ॲप काढून बघितलं असेल तर नव्वद टक्के वेळा परतीलाच.

एक घोळ आधीच सांगतो. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग असते, ती स्क्रीन बंद झाली की दहा मिनिटांत रेकॉर्डिंग मारून टाकते. तुम्ही खुशीत चालताय आणि रेघ तिकडे पहिल्या ओढ्यापाशीच संपलेली. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीला "निर्बंध नाही" असं जे काही असेल ते निवडा आणि घराभोवती अर्धा तास फिरून तपासा. भुसावळ स्टेशन ते घर एवढं रेकॉर्ड करून बघा, सरळ आलं तर पुढे.

साखळी_मोजणी

जमीन मोजणीच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

ठिपका का हलत होता ते आधी. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटर वरून सतत बोलत असतात आणि फोन फक्त ऐकतो. रेडिओसारखं. ऐकायला सिमही लागत नाही, नेटही लागत नाही, रिकामा जुना फोनसुद्धा जागा सांगतो. चार उपग्रह ऐकू आले की हिशोब जमतो. नेटचा फायदा एवढाच की कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे याची यादी फोनला पटकन मिळते. नेट नसेल तर ती यादी फोन उपग्रहांकडूनच हळूहळू ऐकून घेतो आणि पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून कित्येक जण डोंगरात फोन चालू करतात, दोन मिनिटं बघतात आणि "जीपीएस बंद पडलं" म्हणून मोकळे होतात. चाळीसगावला चहा पिताना, नेट आहे तोवर, उघड्यावर येऊन एकदा लोकेशन घेऊन ठेवा, मग वर त्रास नाही.

मोकळ्या माळावर चूक पाचेक मीटरची. दरीत कड्यावर आपटून आलेला सिग्नल फोनला फसवतो, तिथे ठिपका पन्नास मीटरही उडतो, कधी ओढ्याच्या पलीकडे दाखवतो. अशा वेळी ठिपक्यामागे पळू नका, दोन मिनिटं उभं राहा, तो बसतो जागेवर.

उंचीवर तर अजिबात भांडू नका. अस्तंबा डोंगराची उंची १३२५ मीटर सांगतात, आणि तिथे उभं राहून एकाच्या फोनवर १३२० तर दुसऱ्याच्या फोनवर १२६० दिसतं. दोघांचेही फोन ठीक असतात. उपग्रहाचा हिशोब पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारावरून होतो आणि आपल्याकडे समुद्राची पातळी त्या आकाराच्या पन्नास-साठ मीटर खाली बसते. काही ॲप तो फरक दुरुस्त करून दाखवतात, काही जसाच्या तसा आकडा फेकतात.

आणि अक्षांश-रेखांश कुणाला सांगायचे झाले तर क्रम सांभाळा. आपल्या खानदेशात पहिला आकडा २० किंवा २१ पासून सुरू होतो, दुसरा ७४ ते ७६ च्या घरात. एका पोराने घाईत उलटे पाठवले होते, नकाशावर टाकले तर नॉर्वेच्या वरच्या बर्फाळ समुद्रात निघाला. घरच्यांना वाटलं फोन चोरीला गेला.

शेवटचं, भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे डोंगर-दऱ्यांचे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा. साइटवर नोंदणी करून पीडीएफ उतरवता येते. एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, २० मीटरला एक. रेषा जिथे एकमेकींना चिकटल्या तिथे कडा, बस, एवढं कळलं तरी "इथून सरळ उतरू" हा मूर्खपणा वाचतो. तुमच्या यावलच्या टेकडीवर नेमकं तेच झालं असणार. प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ऑरगॅनिक मॅप्समध्येही या रेषा दिसतात, थर चालू करावा लागतो फक्त.

तात्या_एरंडोल

मोबाईलशिवाय आम्ही तोरणमाळ, उनपदेव, मनुदेवी सगळं फिरलो. जिभेला हाड नाही आणि विचारायला पैसे पडत नाहीत. समोरून गुराखी येत असतो आणि ही पोरं मान खाली घालून स्क्रीन घासत असतात.

साखळी_मोजणी

तात्या, तुम्हीच मागे लिहिलं होतं की मनुदेवीच्या वरच्या रानात रात्र काढावी लागली म्हणून 😄

तात्या_एरंडोल

ती धुक्यामुळे. विषय बदलू नका.

बरं एक ॲप मीही ठेवलंय हे कबूल करतो. मर्लिन. पक्षी ओरडला की नाव सांगतं, नेट लागत नाही, आपल्या भागाचा पॅक आधी उतरवून ठेवायचा. सातपुड्यात पहाटे बसावं आणि ऐकावं. शंभर वर्षांहून जास्त काळ कुणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळच परत सापडला, आपल्या मातीतलं पाखरू आहे ते. फक्त एक हात जोडून विनंती, ॲपमधला आवाज स्पीकरवर लावून पाखरांना बोलावू नका. त्यांना वाटतं दुसरा कोणी आपल्या जागेत शिरला, घरटं सोडून भांडायला येतात.

तळोदेकर

दादा मी दरवर्षी दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जातो, रात्रीचं चालणं, हजारो माणसं, पुढच्याची टॉर्च बघत मागचा चालतो, तिथे नकाशाची काही गरज नाही. पण बॅटरीचं ज्ञान मला तिथेच मिळालं. पहिल्या वर्षी संध्याकाळी फोन पूर्ण भरलेला होता आणि पहाटे दर्शनाला पोचेपर्यंत मेला, एक फोटो नाही. कारण काय तर रात्रभर तो टॉवर शोधत होता. सापडत नाही म्हणून आणखी जोर लावतो, आणखी बॅटरी खातो. आता तळोदा सोडलं की फोन एअरप्लेन मोडवर. त्यात जीपीएस चालूच राहतं, लोकांना वाटतं बंद होतं. रेकॉर्डिंग चालू ठेवून सुद्धा जुन्या फोनमध्ये दिवस निघतो, स्क्रीन सारखी उघडली नाही तर. १० हजार एमएएचची पॉवरबँक पाच जणांत एक नाही, दोन घ्या, आणि केबल घरी चालवून बघा. माझी केबल ऐन वेळेला नुसती दिवा लावायची, चार्ज काही करायची नाही.

टॉर्च वेगळी न्या. मोबाईलच्या टॉर्चवर उतरू नका, एक हात अडकतो आणि पडला तर उजेड पण गेला, नकाशा पण गेला.

रानवाट_जळगाव

मी आमच्या बायकांच्या ग्रुपला घेऊन जाते, बारा-पंधरा जणी, म्हणून थोडं माझंही.

एप्रिलमध्ये एकदा मनुदेवीकडे गेलो होतो, फोन हातात, उन्हात, नकाशा चालू, चार्जिंगही चालू. अकरा वाजता स्क्रीनवर तापमानाची सूचना आली आणि फोन बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ तर सावलीत असतं, काळा फोन उन्हात धरला की तव्यावरची भाकरी. ओला रुमाल गुंडाळून सावलीत ठेवला तेव्हा वीस मिनिटांनी सुरू झाला. तेव्हापासून आमचा नियम, नकाशाचा फोन वेगळा आणि फोटोचा वेगळा. नकाशाच्या फोनवर रील नाही, गाणी नाहीत, तो बॅगेच्या वरच्या कप्प्यात. आणि तोच नकाशा, तीच रेघ आणखी एका फोनमध्ये असलीच पाहिजे. पाच जणांत एकाच्याच फोनमध्ये सगळं आणि तो फोन कुंडात पडला की झालं ना.

दोन सिम वेगवेगळ्या कंपन्यांची असू द्या. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तास चालतं आणि नेट गेलं की तिथेच थिजतं, घरचे तो थिजलेला ठिपका बघून घाबरतात. म्हणून आम्ही आधीच सांगून ठेवतो की ठिपका थांबला म्हणजे टॉवर गेला, संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करा, आणि मग कुणाला फोन करायचा ते नाव-नंबर कागदावर लिहून फ्रिजवर. जिथे नेट चालत नाही तिथे साधा एसएमएस कित्येकदा निघून जातो, त्यात अक्षांश-रेखांश कॉपी करून टाका. आणि ११२, आणीबाणीचा नंबर. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुणाचा असेल तर ११२ लागतो, म्हणून "नो सर्व्हिस" दिसलं तरी लावून बघायचा.

आणखी एक, कुणीतरी परदेशातून आणलेलं सॅटेलाइटवर मेसेज करणारं यंत्र घेऊन येतो म्हणालं तर नको म्हणा. आपल्याकडे परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, पोलिसांपर्यंत जातं प्रकरण.

भुसावळ_लोको

एवढं भरभरून लिहिलंत, धन्यवाद. दोन शंका. एक, विकिलॉकवर (लोक आपण चाललेल्या वाटा टाकतात ती साइट) पाटणादेवी-पितळखोऱ्याची कुणाची तरी जीपीएक्स फाइल, म्हणजे रेकॉर्ड केलेली रेघ, मिळाली, ती टाकून सरळ तिच्यावरून गेलं तर चालेल का? दुसरं, ॲप दाखवतंय अडीच तास, खरं धरू?

गिरणाकाठ

फाइल टाका, पण ती कोणत्या महिन्यात काढली ते आधी बघा. उन्हाळ्यातली असेल तर सरळ ओढ्याच्या पात्रातून नेते कारण तेव्हा पात्र कोरडं असतं. पावसाळ्यानंतर तिथे कुंडं भरलेली, शेवाळं. आणि दुसऱ्याची रेघ म्हणजे तो भला माणूस चुकून जिथे गेला आणि परत आला ते पण त्यातच. टोकाला जाऊन तीच रेघ उलटी आली असेल तर समजायचं साहेब चुकले होते.

अडीच तासाचं सोडा. बहुतेक ॲप ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला वरून एक तास अशा नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या जुन्या हिशोबाच्या आसपास मोजतात. तो गडी थंड हवेत चालत असणार. आपल्याकडे करवंदीच्या जाळ्या, गोटे, दर वळणाला फोटो आणि एक जण मागे राहिलेलाच असतो. दुप्पट धरा. त्यापेक्षा एक वेळ ठरवा, समजा दीड, की जिथे असू तिथून मागे फिरायचं, लेणी समोर दिसत असली तरी.

तळोदेकर

आणि फोनला लोहचुंबकवालं कव्हर असेल तर काढा, होकायंत्र वेडं होतं. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा, सुधारतं. लोक बघतील, बघू द्या.

भुसावळ_लोको

(जाऊन आल्यावर)

जाऊन आलो. पितळखोऱ्याला पायी पोचलो नाही, हे आधीच सांगतो.

शनिवारी कण्हेरगड केला. चढताना सीतान्हाणी आणि नागार्जुन कोठी ही लेणी बघत बघत गेलो, उतरताना दोन ठिकाणी वाट फुटली आणि तिथे रेकॉर्डिंगची रेघ काढून बघितली, बरोबर तासाभरात खाली. यावलला हेच केलं असतं तर ट्रॅक्टर लागला नसता. एअरप्लेन मोडवर माझा म्हातारा फोन संध्याकाळी ५२ टक्के होता, मला स्वतःलाच खरं वाटेना.

रविवारी गेटवर नोंद करून, सांगितली तेवढी परवानगी घेऊन गावातले एक बाबा सोबत घेतले. साठीच्या पुढचे, पायात साधी चप्पल, हातात कोयती. तासाभराने फाईलमधली रेघ डावीकडे ओढ्यात उतरत होती आणि बाबा उजवीकडे चालायला लागले. मी फोन दाखवला. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "ती वाट तं औंदा पाणीम्हा वाही गई." तरी आमच्यातला एक जण हट्टाने पंधरा पावलं उतरून बघून आला, पुढे नुसती घसरडी दरड. गिरणाकाठ म्हणाले तसं फाईल उघडून महिना बघितला तर मे.

पुढे बाबांनी नेलं त्या वाटेने छान चाललो, पण करवंदीत अडकत, एकाच्या पोटरीत गोळा, त्याला चोळत बसलो. धवलतीर्थाच्या पुढे एका कड्याखाली आग्यामोहोळ लागलेलं होतं, बाबांनी बिडी विझवली, आम्हाला बोलायचं नाही म्हणून खूण केली आणि लांबून वळसा घेतला. हे कुठल्या ॲपात असणार. त्या वळशातच वेळ गेला. दीड वाजला तेव्हा बाबा म्हणत होते अजून तास-दीड तास. दोघं चिडले, पण ठरलं होतं ते ठरलं होतं, फिरलो. पाचच्या आत देवळापाशी.

मग सोमवारची सुट्टी टाकून कन्नड घाटातून गाडीने वर गेलो आणि पायऱ्या उतरून लेणी बघितली. आदल्या दिवशी जिथून फिरलो ती दरी वरून दिसत होती. नकाशावर मोजलं तर सरळ रेषेत जेमतेम सव्वा किलोमीटर राहिलं होतं.

दोन्ही दिवसांच्या रेघा टाकतोय, मोहोळाच्या जागेवर खूण केलीय, चुकीचा तुकडा काढून टाकलाय, महिना आणि "वाटाड्या होता" असं नावातच लिहिलंय. साखळीदादा एक सांगा, रविवारचं अंतर माझ्या फोनवर ११.२ आणि मित्राच्या फोनवर १३.६ आलं, बरोबरच चाललो होतो आम्ही.

साखळी_मोजणी

दरीत ठिपका उड्या मारतो, त्या सगळ्या उड्या तो चालणं म्हणून मोजतो. पोटरी चोळत बसलात ना, तेव्हाही मित्राचा फोन चालतच असणार. त्याची फाइल मोठी करून बघा, तिथे दोऱ्याचा गुंता दिसेल.

भुसावळ_लोको

बघितलं. अगदी तिथेच आहे, कोळ्याच्या जाळ्यासारखं 😂

तात्या_एरंडोल

बाबांना पैसे किती दिले आणि भरीत-भाकरी कुणी आणली होती ते लिहिलंच नाही.

भुसावळ_लोको

भरीत माझ्या आईचं, कळण्याच्या भाकरी. बाबांनी ठरलेल्यापेक्षा जास्त घेतले नाहीत, पण आमच्यातल्या एकाची टॉर्च आवडली त्यांना, ती ठेवून घेतली.